अपिलाचा मसुदा

ओरोसला बोर्डासमोर न्यायच्या आदल्या रात्री
मी त्याची नखं कापली, एकेक, तो ओरडत असताना.
नवा शर्ट चार दिवस त्याच्या उशाशी ठेवला होता,
कापडाचा वास ओळखीचा व्हावा म्हणून.
डॉक्टरांनी विचारलं, नाव काय?
यतीन दामोदर गिरप, तो म्हणाला,
दाभोसवाडा, वेंगुर्ले.
तारीख विचारली, तीही सांगितली,
वर न विचारता भरतीची वेळ.
तरतरीत आहे की, डॉक्टर हसून म्हणाले.
आणि मी, मूर्ख, खूश झाले.

अडतीस टक्के.
चाळीसला महिन्याचे पैसे लागू होतात.
जे दोन कमी पडले
ते मीच भरवले होते त्याला,
पंचवीस वर्षं, चमच्याने.

आता अपील. मुदतीचे नऊ दिवस उरलेत.
झेरॉक्सवाला पेडणेकर माझ्याकडून पैसे घेत नाही,
म्हणून मी एसटी स्टँडजवळच्या दुसऱ्याकडे जाते.
तहसीलमधल्या बाई हळूच म्हणाल्या,
काय येत नाही तेवढंच लिहा हां.
येतं त्याची एक ओळही नको.

तर लिहिते.
बटणं लावता येतात, पण
खोडलं.
बटणं लावता येत नाहीत.
(खोटं नाही. गळ्याचं येत नाही.)
दाढी वडील करतात, दोन दिवस समजावल्यावर.
अनोळखी माणसाने दंड धरला तर स्वतःचं मनगट चावतो.
बंदरावर लिलाव सुरू झाला
की रिकाम्या पाटीत डोकं खुपसतो.
कुणी सुटे मागितले तर पाकीटच देऊन टाकतो.
वय एकोणतीस.

रापणीचं लिहिलं नाही.
तिथेही आरडाओरडा असतो, पण लयीत,
आणि दोरीवरच्या बावीस माणसांत
लय न चुकवणारा तो एकटा.
बांगडे लावतो लहान-मोठे, असे नेमके
की पारूआत्या फक्त त्याच्यासाठी थांबून राहते,
तेही नाही.

त्याचे बाबा कागदाकडे बघत नाहीत.
पडवीत जाळ्याची भोकं शिवत बसतात.
तू लिव्ह, म्हणतात, माझ्यान होवचा नाय.

काल रात्री तो माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला.
वाचता येतं त्याला. हेही लिहिलेलं नाही.
सगळं वाचलं मोठ्याने, रेडिओवरच्या बातम्यांच्या आवाजात.
यतीन एकटा राहू शकत नाही.
यतीनला धोका कळत नाही.
दिनांक अकरा मार्च, बुधवार, रात्री अकरा वाजता
यतीन छातीभर पाण्यात सापडला.
पडवीतली सुई थांबली.
मी हात ठेवला कागदावर, उशिराच.
तो म्हणाला,
बुधवार न्हय. मंगळवार. द्वादशी.
सुकती लागलेली.

वार दुरुस्त केला.
सुकतीचं काय करायचं ते मात्र कळेना.
पाणी कुठे चाललंय हे त्याला ठाऊक होतं,
असं लिहिलं तर टक्के वाढतात की कमी होतात?
आणि ठाऊक असूनच गेला असेल तर
तो रकाना कुठला?
त्याला विचारायला हवं होतं.
विचारलं नाही.
चार महिने झाले, रात्री कडीला कुलूप लावते
आणि किल्ली गळ्यात घालून झोपते,
एवढंच विचारलंय मी आजवर.

सोमवारी पहिल्या गाडीने जायचं.
या वेळी मी ठरवलंय, नवा शर्ट नाही.
भांग पाडणार नाही. नखं राहू देत तशीच.
बघू देत त्यांना.

हे लिहीत असतानाच तो आला.
खणातून नेलकटर स्वतः काढून आणलेलं.
दहाही बोटं पसरली माझ्यापुढे, मसुद्यावरच,
आणि ओरडायची तयारी म्हणून
डोळे आधीच घट्ट मिटून घेतले.
ओरोसाक जावचा आसा, म्हणाला,
नखां काप.