कंदील कुणाकडे आहे

डलूथमध्ये जानेवारीत साडेचारलाच अंधारून येतं.
मार्लिसच्या तळघरात भट्टी घरघरते,
कपडे धुण्याच्या यंत्राला टेकवलेल्या टेबलावर
चौकटींचा कागद, आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून
बरणीच्या झाकणांत लोहखनिजाचे गोळे, गोट्यांएवढे,
गोदीवरच्या शेवटच्या दिवशी तिनं खिशातून आणलेले.

एकतीस वर्षं तिनं मालगाडीचे डबे तोलले:
भरलेला वजा रिकामा.
आता दर शुक्रवारी राक्षस तोलते.
ड्रॅगनच्या चिलखताचा आकडा अठरा, खोडून एकोणीस,
पुन्हा अठरा. कागद तिथं इतका झिजलाय
की दिव्यासमोर धरला तर आरपार दिसतं.

दोष माझा होता, आधीच सांगून टाकतो.
माझी चेटकीण नवव्या पायरीवर पोचली
आणि नियमांच्या पुस्तकात, पान दोनशे चार, तळटीप,
मला एक फट सापडली.
मग काय, बळी तो कान पिळी.
बाकीच्यांच्या तलवारी म्यानातून निघायच्या आत
गुहाभर राख,
आणि माझा हात शेंगदाण्यांच्या वाटीत.

ऑरिनकडे होता कंदीलवाला. नाव टोबल.
प्राण सहा. हत्यार: आकडी लावलेली काठी.
ऑरिन रस्त्यावरचं बर्फ लोटणारी गाडी चालवतो, पहाटे तीनपासून.
त्याची पाळी आली की म्हणायचा,
‘टोबल कंदील वर धरतो.’
एवढंच. चार महिने.

मार्लिसला ते खुपायचं.
तिनं टोबलच्या वाटेत जादूची तलवार ठेवली.
त्यानं ती पुढच्या गावात विकून खेचर घेतलं,
खेचराचं नाव ठेवलं मंगळवार.
तिनं माझ्या मंत्राला किंमत लावली, दर खेपेला रक्ताचा थेंब;
मी कोंबड्यांचा पिंजरा विकत घेतला.
तिनं राक्षस दुप्पट केले;
ते माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत,
वाटेत पा-न्याचा भालाईत मेला. दुसऱ्यांदा.
पत्रकाची घडी घालत पा-न्या म्हणाली,
‘जड पारड्यावर दगड मारतेस, मार्लिस,
आणि लागतो हलक्याला.’

त्या रात्री वही उघडी राहिली होती. मी वाचली.
त्यात राक्षस नव्हते, आम्ही होतो:
कोण किती बोललं.
वेंडेल, म्हणजे मी, एक्केचाळीस मिनिटं.
पा-न्या सव्वीस. ऑरिन दोन.

पुढच्या शुक्रवारी जुनी खाण, आत वारा.
मार्लिसनं चष्मा पुसला.
‘कंदील कुणाकडे आहे?’
चार महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

ऑरिन म्हणाला, ‘टोबल कंदील विझवतो.’
आम्ही ओरडलो.
‘तेल संपत आलंय,’ तो म्हणाला, ‘ऑक्टोबरपासून मोजतोय.’
आणि पत्रक फिरवून दाखवलं:
समासात पेन्सिलीच्या बारीक रेघा, पाचपाचाचे जुडगे,
एक रेघ म्हणजे एक तास.

पान दोनशे चार. मंत्र चालतो
फक्त दिसणाऱ्या शत्रूवर.
मी ते मनात वाचलं आणि गप्प बसलो.

मग ऑरिन बोलायला लागला.
काच पांढरी झाली की तो कानानं गाडी हाकतो:
पातं डांबरावर गातं, खडीवर दात खातं,
आणि आवाजच थांबला तर
पुढे रस्ता नाही, तळं आहे.
टोबलही तसाच काठी टेकवत निघाला.
एका हातात खेचराचा लगाम,
खेचराच्या शेपटीला पा-न्या,
पा-न्याच्या पट्ट्याला माझी चेटकीण,
नवव्या पायरीची, आंधळी.
वाटी तशीच भरलेली राहिली.

शेवटी कठड्यापाशी त्यानं फासा टाकला.
तो टेबलावरून गडगडला, यंत्राखाली गेला.
मी वाकत होतो. मार्लिसनं खांदा धरला.
‘राहू दे. दान पडलं,’ ती म्हणाली, ‘चला पुढे.’

किती पडलं होतं, अजून माहीत नाही.
यंत्र हलवायला दोघं लागतात.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गुहेची राख केली.
फट अजून आहे, आणि मीही आहे तसाच आहे.
पण मंत्राआधी विचारलं,
‘ऑरिन, तेल किती?’
त्यानं रेघा मोजल्या. सावकाश.
आम्ही थांबलो.