किडनी ट्रे

छातीच्या वॉर्डाच्या गेटवर बसतो मी,
रात्री दहा ते सकाळी सहा.
स्टूल सरकारी, मफलर माझा,
मांडीवर स्टीलचा किडनी ट्रे.
कड चेपलेली, म्हणून लिसी सिस्टरनं मोडीत न काढता
मला दिला : "शिरोळे, यात घ्या सगळं."

भिंतीवर बोर्ड आहे, धूम्रपान निषेध.
त्यातल्या 'ध'वर जळका डाग.
कुणीतरी तिथंच विझवली होती.
म्हणून ट्रे.

सगळं म्हणजे
देवासहून आलेल्या मामाच्या कानावरची विडी,
लाल दोऱ्याचं बंडल, अख्खं, अर्धं, दोनच उरलेलं,
माचिस, जिच्यावर कुणी गोळीची वेळ लिहिलीय,
परदेशीपुऱ्यातल्या पोराचा लायटर, दाबला की टॉर्च.
मी चिठ्ठी लावतो, रबर लावतो, खाटेचा नंबर टाकतो.
"भिया, सकाळी मिळेल ना?"
मिळेल. गहाण सोन्यासारखं मिळेल.
बरेचजण सकाळी नेतात.
काहीजण मागच्या दारानं, कागदं घेऊन, घाईत जातात,
त्यांचं तसंच राहतं.
तेवीस नंबरचं बंडल दसऱ्यापासून माझ्या खणात आहे.

मीपण ओढायचो. ते सांगायला इथं बसलो नाही.

परवा अकरा नंबर, रेगेकाका,
एकतीस वर्षं मिलमध्ये,
नाकात नळी, बाटलीत बुडबुडे,
हाक मारून म्हणाले,
"शिरोळे... हापूस... कुणी कापला?"
दोन शब्दांत जिना चढल्याएवढं अंतर.
जानेवारीत? रात्री दोनला?
म्हटलं, भास असेल.
मग मलाही आला वास.

वासाच्या मागे गेलो. मागचा जिना,
आगीच्या वेळी उतरायचा.
तिसऱ्या पायरीवर डॉक्टर सोजतिया,
छत्तीस तासांचे जागे, गळ्यात स्टेथो,
हातात पेनाएवढं काहीतरी, टोकाला निळा दिवा,
आणि तोंडातून गोड पांढरा ढग
दाराच्या फटीतून आत चाललेला,
अकरा नंबरकडे.

"हा धूर नाही," ते म्हणाले, "वाफ आहे."

मी काय बोलणार. ते डॉक्टर,
मी बारावी नापास.
ट्रे पुढे केला.
बराच वेळ धरला. हात भरून आला.
मग टण्ण.
चिठ्ठीवर काय लिहू कळेना, त्यांना खाट कुठली?
'जिना' लिहिलं.

सकाळी त्यांनी मागितलं नाही.
दुसऱ्या सकाळी म्हणाले, "टाका कुठंतरी."

आमच्या इंदूरात 'कुठंतरी' टाकता येत नाही.
कचऱ्याची गाडी आली, सहा खणांची.
गाडीवरची ललिता उलटंपालटं करून बघते :
ओला तर नाही. सुका? प्लास्टिक?
बॅटरी आहे, म्हणजे त्या खणात,
पण आत रस आहे, म्हणजे ह्या.
"दादा, हे आहे तरी काय?"
वाफ म्हणतात, मी म्हटलं.
ती हसली
आणि घातकमध्ये टाकलं.

रात्री फेरी मारताना अकरा नंबर जागे.
"आंबे... संपले?"
हो काका. सीझन संपला.
त्यांनी मान हलवली, जशी बाजारभाव ऐकून हलवतात.
बाटलीत बुडबुडे येत राहिले.
मी उभ्या उभ्या मोजले थोडे,
मग गेटवर कुणी खोकललं,
ट्रे घेऊन गेलो.