धक्के किती?

मोजपट्टी काढली तेव्हा बोटं बधिर झालेली.
निरावलीच्या पुढं, मुरैना रस्ता, सकाळचे साडेआठ,
आणि धुकं असं की माझेच बूट मला अनोळखी.
तीन गाड्या एकमेकींच्या पाठीत तोंड खुपसून उभ्या,
थंडीत मेंढ्या राहतात तशा.

मागं भूरा कुशवाहचा छोटा हत्ती, बटाट्यांनी भरलेला.
मध्ये भदौरिया बाईंची अल्टो, दोन्हीकडून चेपलेली.
पुढं टकसाळे मास्तरांची जुनी वॅगन-आर,
मागच्या काचेवर अजून गणपतीचं स्टिकर, अर्धं.

नियम मला पाठ आहे: जो मागं, त्याचं चुकलं.
अंतर राखणं हे मागच्याचं काम,
पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात.
पण मधला मागचाही असतो आणि पुढचाही,
मला बोलावतात ते त्या मधल्यासाठी.

बाई म्हणतात, मी थांबले होते, मला ढकललं.
भूरा म्हणतो, साब, मैडम पहले ही ठुकी पड़ी थीं.
मी वाकून बघतो. पत्रा काही सांगत नाही.
चुरगळण्याला आधी-नंतर नसतं.

म्हणून पुढच्याला विचारायचं, धक्के किती बसले?
एक, तर बाई सुटल्या, सगळं बटाट्यांवर.
दोन, तर पहिला बाईंचा.

मास्तर चहाच्या टपरीवर, कानटोपी, शाल,
दौलतगंजात पन्नास वर्षं पोरांचे हात वळवलेले.
माझा प्रश्न संपायच्या आत म्हणाले, दोन.
पहिला चाटेवरचा, कोरडा.
दुसरा डग्ग्यावर, अख्ख्या तळव्यानं.
मध्ये सव्वादोन मात्रा. मध्यलय धरा.

तीस वर्षं सर्वेयर आहे मी.
लोक सांगतात धाडकन झालं, देवानं वाचवलं.
मात्रा कुणी सांगितल्या नव्हत्या.

का हो, काय फरक पडतो त्यानं?
मी सांगितलं. सांगायला नको होतं.

पलीकडे बाई फोनवर, शाळेत कळवत होत्या,
हाँ सर, आज पहला पीरियड किसी और को दे दीजिए.
त्यांचा विमा संपून अकरा दिवस झालेले,
कागद मी पाहिला होता, मास्तरांनी मला पाहताना पाहिलं होतं.

एक लिहा, मास्तर म्हणाले.
आत्ताच तर तुम्ही—
चुकली असेल मोजणी. वय झालं.
पण उजवा हात मांडीवर
तेच दोन बोल पुन्हा पुन्हा वाजवत होता,
मध्ये तीच सव्वादोन, एका केसाचा फरक नाही.

रस्त्यावर पोरं बटाटे वेचत होती, स्वेटरच्या ओच्यात.
भूरा ओरडला, आलू का कौन देगा?
त्याला उत्तर आहे, पण ते वेगळ्या पॉलिसीत.

तुम्ही ब्रेक का मारलात, मी विचारलं.
पुढं लाल दिवा दिसला. एकच. दुसरा फुटलेला असावा.
कुणाचा?
काय माहीत. तो गेला.

तो आता आग्र्याला पोचला असेल,
कुठल्याशा चौकात बेडई खात असेल,
मिरची तिखट म्हणून पाणी मागत असेल.
धुक्याला नंबरप्लेट नसते, आणि त्याचीही कुणी वाचली नाही.
माझ्या फॉर्मवर कारणाचा रकाना बोटभर रुंद आहे.

मी दोन लिहिलं. कागद मास्तरांपुढं धरला.
त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा पुसला,
सही केली, वळणदार, मोडी शिकलेल्या माणसासारखी.
मग म्हणाले, पहिला फार हलका होता,
तेही लिहा ना.
हलक्या-जडाला रकाना नाही,
समासात लिहिलं.

परतताना स्टेअरिंगवर बोटं आपोआप चालू.
पुढच्या बसचे मागचे दिवे, आणि मी,
मध्ये किती मात्रा बसतात ते बघत होतो.
सव्वादोन पुरत नाहीत. वेग कमी केला.

मागच्यानं हॉर्न दिला.