क्वाइट

डुलूथहून ग्रिम्सबीला आली तेव्हा
लॉर्नाच्या पेटीत एक लाटणं होतं,
आणि नवऱ्याच्या भाषेबद्दल काडीची शंका नव्हती.
इंग्रजीच तर होती.

पहिल्या रविवारी तिनं रूबार्बचा पाय केला.
आपल्याकडे या शब्दाला हसू येईल; येऊ दे.
हेडलीनं दुसरा तुकडा स्वतःच कापून घेतला,
बोटांत मुरलेला इंजिनाचा काळेपणा, मिशीत साखर,
आणि म्हणाला, "क्वाइट नाइस."

ती हरखली.
तिच्या गावी, गोठणाऱ्या सरोवराकाठी,
क्वाइट म्हणजे फार.
मग पुढची अकरा वर्षं
दर रविवारी रूबार्ब.

सांगितलं ते नणदेनं, एनिडनं,
लिलावाच्या शेडमागे,
हॅडकची खवलं मनगटाला चिकटलेली असताना:
"अगं, आमच्यात क्वाइट म्हणजे बरं आहे.
म्हणजे, चालतंय."

त्या रात्री लॉर्नानं
जुनी वाक्यं बाहेर काढली.
लग्नाच्या दिवशी, दाराशी: क्वाइट सुंदर.
मुलीच्या शाळेत, मास्तर: क्वाइट हुशार.
एकेक उजेडात धरून पाहिलं.
सगळ्याच बाटल्यांतलं दूध
गळ्यापासून खाली उतरलेलं.
पुढच्या रविवारी तिनं बटाटे उकडले.
हेडलीनं विचारलं नाही. तोही तिथलाच.

पण शब्द काही एवढा सरळ नव्हता.
डॉक्टर म्हणाले, क्वाइट अशक्य,
आणि त्यात चालतंय कुठेच नव्हतं.
ज्याला कमीजास्त नसतं
त्याच्याशेजारी तो काठोकाठ भरतो:
क्वाइट रिकामं, क्वाइट एकटं.
जिथे माप असतं तिथेच हात आखडतो.
आणि तिथेही, एनिड म्हणाली, जोर बघायचा.
क्वाइटवर जोर, तर बेताचं.
पुढच्या शब्दावर जोर,
तर आमच्या माणसाला याहून जास्त बोलता येत नाही, असं समज.

फेब्रुवारीत, पहाटे चारला, हेडली म्हणाला,
"आय वॉज क्वाइट हॅपी, लॉर्ना."
नेमका तेव्हाच ऑक्सिजनच्या यंत्रानं
मोठा सुस्कारा टाकला.
जोर कुठे होता, ते त्याच्याखाली गेलं.

"कुठल्या शब्दावर थांबला तो?" एनिडनं विचारलं,
दफनानंतर, कोट न काढताच.
लॉर्नानं दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहिलं.
दोन्ही तऱ्हांनी त्याचाच आवाज आला.

मी हे मराठीत लिहितोय, आणि इथे अडतोय.
आपल्याकडे दोन वेगळ्या खुंट्या आहेत:
बऱ्यापैकी सुखी होतो. अगदी सुखी होतो.
त्याचा कोट कुठल्या खुंटीला लावू?
जुन्या कोशात पाहिलं; तो शब्द म्हणे
देणं फिटण्यावरून आलाय. चुकता हिशेब.
कोश असाच, विचारलेलं सोडून भलतंच सांगतो.

मे महिन्यात परसातला रूबार्ब
कुणी न विचारता तरारला, लाल देठांचा.
लॉर्नानं लाटणं शोधलं.
शेजारचा पोरगा, केस्टुटिस, लिथुएनियन,
सायकल भिंतीला टेकवून ओट्यापाशी उभा राहिला.
पहिला तुकडा संपला.
कसा झालाय, असं विचारायला
तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.
पोरानं बशी पुढे केली.