सतरा पावलं

नलबारीच्या हायस्कूलच्या मैदानात तंबू पडलाय,
बांबू रोवलेत नेमके गुड लेंग्थवर.
मी तिकीट काढून आत आलो,
दोनशेचं, तिसऱ्या रांगेतलं. पास मागितला असता
तर त्यानं दिला असता. मागवेना.

दिम्बेश्वर काकती. आमच्यात दिम्ब म्हणजे अंडं.
अकराव्या नंबरावर जाणाऱ्याला
आईबापांनी पाळण्यातच नाव ठेवलं,
असं आम्ही म्हणायचो, आणि तोच हसायचा सगळ्यात मोठ्यानं.

चेंडू हातात आला की मात्र कोणाची टाप नव्हती.
डिसेंबरात, सकाळी पावणेनऊला,
धुक्यातून आधी आवाज यायचा, मग माणूस.
सतरा पावलं. मी मोजायचो स्टंपांमागून,
चेंडू सुटेपर्यंत कीपरला दुसरं काय काम?
सतराव्याला उडी. मग माझ्या ग्लोव्हजमध्ये
कोणीतरी दार आपटल्यासारखं.
ही करंगळी बघा. ही त्याची.
अनामिकाही त्याचीच, आगरतळ्याच्या सामन्यातली.

भारताची टोपी मिळाली, एका दिवसापुरती.
सात षटकं, एक सुटलेला झेल.
मग गुडघा. मग ऑपरेशन, मग त्याच गुडघ्याचं दुसरं.
निवड समितीतलं कोणी म्हणालं, बघू.
'बघू' हा शब्द किती वर्षं टिकतो
ते त्याला विचारा.

पाठशालाहून थिएटरवाले आले तेव्हा तो
पेट्रोलपंपावर सुपरवायझर होता.
उंची आहे, आवाज आहे,
लोकांना चेहरा आठवतोय अजून. खलनायक करशील?
त्यानं एवढंच विचारलं म्हणे,
पळावं लागेल का?

लागतं.
यांची स्टेजं दोन असतात, शेजारी शेजारी.
एकावर दिवे विझतात तोवर दुसऱ्यावर उजाडतं.
मधला अंधार ज्याचा त्यानं पार करायचा.

पहिल्या अंकात तो चहामळ्याचा मालक.
खरं सांगू? वाईट करतो.
हात कुठे ठेवावेत कळत नाही त्याला,
उजवा सारखा मांडीवर घासतो,
चेंडू नसताना चकाकी कसली काढतोय?
'आडवा आलास तर तिन्ही स्टंप उडवीन'
हे वाक्य लेखकानं मुद्दाम घातलेलं.
पोरांनी शिट्ट्या मारल्या.
मी मान खाली घातली,
त्याच्यासाठी की माझ्यासाठी, माहीत नाही.

मग दिवे गेले.
बाहेर जनरेटरची घरघर, आत फळ्यांवर बूट.
मी मोजत नव्हतो, मोजलं गेलं.
पहिली चार चाचपत,
पाचव्यापासून लय,
अकराव्याला गुडघा किंचित उशिरा,
चौदा, पंधरा,
सोळा.
माझे तळवे आपोआप पुढे आलेले, बोटं जमिनीकडे.
शेजारची बाई शाल सावरत दूर सरकली.

सतरावं वाजलं नाही.
त्या न वाजलेल्या जागी तो हवेत होता,
जिथलं तिकीट कोणी काढत नाही.

उजेड आला तेव्हा खुर्चीत, पायावर पाय टाकून,
तासभर तिथेच बसल्यासारखा.
छाती तेवढी ऐकत नव्हती.

नाटक सुटल्यावर मागच्या तंबूत गेलो.
त्यानं तांबूल-पान पुढे केलं.
काम कसं झालं, विचारलं नाही,
मीही बोललो नाही.
माझा हात ओढून करंगळी दाबून पाहिली,
थंडीत दुखते का?
दुखते, म्हटलं.
बाहेर कोणी ओरडत होतं, दुसरा शो, पंधरा मिनिटं!
'मिशी सुटतेय,' तो म्हणाला, 'एवढी चिकटवून दे.'

माझी बोटं सरळ नाहीत,
मिशीही सरळ बसली नाही.
तो तसाच गेला.