पाठ

कुडचड्याला आमच्या मागच्या खोलीत
संगणक आणि बाबांचे पडदे एकाच छपराखाली.
खाणीचे ट्रक गेले की दोघांवर लाल धूळ बसायची;
पडद्यांवरची बाबा झटकत,
काचेवरची मी ओल्या फडक्यानं पुसायचे.

बाबा म्हणजे शाणू पेंटर. काल्याच्या नाटकांना
महाल, रस्ता, अरण्य. सरसात कालवलेले रंग.
त्यांच्या अरण्यातली वाट वर जाता जाता सुतळीएवढी व्हायची.
एकच दुःख: नट त्या वाटेजवळ गेला
की झाडाहून मोठा दिसायचा.
“चार पावलं पुढं हो रे,” विंगेतून ओरडायचे,
“डोंगर तुझ्या गुडघ्याला लागतोय!”

लिगोरचा बाप तारवटी. ओटो टपाल्याचे तिन्ही भाग
त्याच्याच पेटीतून आले, साबणाच्या वासाचे.
पिवळा कोट, नाक म्हणजे तीन ठिपके,
आणि खाली नऊ शब्द, मी वहीत मराठीत उतरवलेले:
बघ, उचल, दे, उघड, मिट, ढकल, ओढ, बोल, वापर.
एवढ्यावर माझं आठवीचं वर्ष गेलं.
शिडी वापर बोकडावर. बोल विहिरीशी.

बाबा पहिल्यांदा माझ्यामागे येऊन उभे राहिले तेव्हा
ओटो बेटावरच्या टेकडीची चढण चढत होता
आणि पावलागणिक लहान होत होता.
हातातला कुंचला ठिबकत राहिला.
“बाय, हा लहान होतो.”
“हो.”
“आपोआप?”
मग रोज तिन्हीसांजेला स्टूल ओढून बसायचे.
वर ने त्याला. अजून वर.

माथ्यावर एका घराची खिडकी होती, नुसती रंगवलेली.
वाट तिथवर जायची नाही.
झोळीतलं उरलेलं पत्र त्या खिडकीचंच,
असं मी आणि लिगोरनं ठरवून टाकलं होतं.

चौथा भाग आला नव्व्याण्णवच्या चवथीनंतर.
खोक्यावर लिहिलेलं: आता तीन मितींत.
त्याला वेगळं कार्ड लागायचं. मडगावहून आणलं,
एका अख्ख्या महालाच्या बिदागीत.

ओटोचे हात विटांसारखे. कोटाला कंगोरे.
नऊ शब्द गेले, एक बटण उरलं.
आणि सगळा वेळ त्याची आमच्याकडे पाठ.
बाबा चरकले. “प्रेक्षकांना पाठ दाखवतो?”
“आपण त्याच्या मागून चालतोय, बाबा.”
“आपण कोण?”
मला सांगता आलं नाही.

खिडकीपाशी पोचलो. आता पोचता येत होतं.
जवळून ती खिडकी म्हणजे ताणलेले चौकोन,
कपड्यावरच्या न निघालेल्या डागांसारखे.
घराला वळसा घातला तर मागे भिंतच नाही.
राखाडी. टेकडी आतून पोकळ.
लिगोर हसला, आळशी लेकाचे म्हणाला.
बाबा म्हणाले, “फिरव. पुन्हा एकदा फिरव.”
वीज गेली, तरी काळ्या काचेसमोर बसून होते.

त्या वर्षी काल्याआधी त्यांनी महालाचा पडदा उलटा पसरला
आणि मागची बाजू रंगवली:
मुदपाकखान्याचं धुराडं, मोरी,
दोरीवर वाळत घातलेली राजाची धोतरं,
दासीच्या खोलीचं अर्धं उघडं दार.
नाटकमंडळी पोट धरून हसली. शाणूक पिशें लागलां!
दुसऱ्या अंकात कुणीतरी मागचा हॅलोजन लावला
आणि भर दरबारात, सिंहासनाच्या डोक्यावर,
धोतरं दिसली सगळ्या गावाला.
समितीनं दोनशे रुपये कापले.

चौथा भाग मी पुरा केला नाही.
लिगोरही बोटीवर गेला, पत्र झोळीतच असेल.
बाबा मात्र अजून कधीतरी म्हणतात, जुना लाव, दुसरा,
तो सुपारीएवढा होतो ना, त्या वळणावर
थांबव त्याला.
मी हात धुऊन येतो.