नावं ठेवणारे

विनिपेगच्या सार्जंट अव्हेन्यूवर,
लॉन्ड्री आणि बंद पडलेल्या बँकेच्या मधोमध
मावशीचं दुकान. आठ टेबलं धड,
नववं डुगडुगतं.
पाटीवर अख्खा आशिया,
आत एक कढई, दोन शेगड्या आणि मावशी,
जिनं लाओस सोडून थेट इथलाच बर्फ पाहिला.
जपान, व्हिएतनाम वगैरे
ती मेनूकार्डावरूनच फिरून आली.

गल्ल्याशेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
झाकणाला चीर, दोरीला पेन्सिल.
‘काय वाटलं ते लिहा’ असं वर मी लिहिलंय, सहावीत असताना.
त्यातली स्पेलिंगची चूक अजून कुणी दाखवलेली नाही.
बाकी सगळं दाखवतात.

रात्री दार लावलं की
मावशी गरम पाण्यात पाय सोडून बसते
आणि म्हणते, वाच.
तिचं इंग्रजी सुट्ट्या पैशांपुरतं.
मी चिठ्ठ्या उलगडते, तिच्या भाषेत सांगते:

अकरा डॉलरात दोन वेळचं झालं, उरलेलं कुत्र्यानं खाल्लं.
पॅड थाय फार गोड. मुलं खूश. मी नाही.
कोथिंबीर नको म्हटलं होतं. पुन्हा म्हणते, नको.
टेबल डुगडुगतं.
फोनवर बाई ओरडतात.
(ओरडत नाही, मावशी म्हणते, पंखा चालू असतो.)
याला रामेन म्हणू नये.
‘मग काय म्हणू?’
मावशी विचारते. खरंच विचारते.

खरी नावं तिला ठाऊक नाहीत.
लोक नावं ठेवतात,
तर तिनंही ठेवली:
बिनकोथिंबीर. डुगडुग. रामेन-म्हणू-नये.
आणि दर गुरुवारचे मीठ-आजोबा,
खिडकीशी, कानटोपीसकट,
चार वर्षं एकच वाक्य,
पेन्सिल इतकी दाबून की कागद फाटावा:
सूप खारट.

मावशीनं चिमूटभरही कमी केलं नाही.
ज्याला खारट लागतं, म्हणाली,
तो वाडगं चाटून का ठेवतो?

जानेवारीत पारा उणे चौतीस.
एक गुरुवार रिकामा गेला. दुसरा.
तिसऱ्याला मावशीनं मला हाक मारली.
चाख. खारट आहे?
नाही.
नीट चाख.

शोधायचं तरी कसं?
मीठ-आजोबा कुठे राहतात,
असं कुणाला विचारणार?

तिनं बिनकोथिंबिरीला विचारलं.
ती मारिविक, हॉस्पिटलात रात्रपाळीची नर्स.
म्हणाली, आम्हाला सांगायला मनाई आहे.
मग बिल देता देता म्हणाली,
तिसऱ्या मजल्यावर एक जण आहे, खुबा मोडलाय,
रोज जेवणाला नावं ठेवतो.
मीठ मात्र बंद आहे हं त्यांना.

त्या रात्री मावशीनं
आयुष्यात पहिल्यांदा अळणी सूप केलं.
हात दोनदा बरणीकडे गेला,
दोनदा तिनं तो पदराला पुसावा तसा
एप्रनला पुसला.
प्लॅस्टिकच्या डब्यावर झाकण, झाकणावर चिकटपट्टी,
वर मोजे गुंडाळून, गरम राहावं म्हणून.

सकाळी मारिविक रिकामा डबा घेऊन आली.
आत घडी केलेला पेपर नॅपकिन.
मावशी रात्रीपर्यंत थांबली नाही.
शेगडीवर कांदा जळत होता.
वाच.

मी वाचलं.
ती इतकी हसली की खाली बसली,
आणि बराच वेळ उठली नाही.

नंतर फडताळातून तिनं
जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, चार वर्षांचे गुरुवार,
घट्ट घडी घालून
नवव्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवले.
नॅपकिन तेवढा गल्ल्यात ठेवला,
वीसच्या नोटांच्या कप्प्यात.

टेबल आता डुगडुगत नाही.
डुगडुगनं अजून तसं काही लिहिलेलं नाही.